आयत्या वेळचा विषय

खानापुरात, कौलांच्या बंद कारखान्यामागं,
आमच्या आदिवासी विद्यापीठाची एकच इमारत पुरी झालीय.
दुसरीच्या सळया नुसत्याच वर आल्यात, गंजतायत.
अभ्यासमंडळाची बैठक साडेदहाची.
गणपूर्ती झाली सव्वाबाराला,
लोंढ्याहून पॅसेंजर आली तेव्हा.

मी सदस्य-सचिव. इतिवृत्त माझ्या हातात,
आणि चहाचा हिशेबही.

विषय क्रमांक तीन. पेपर चौथा, 'वनजीवन परिचय',
चार श्रेयांक,
बेंगळूरच्या कुठल्याशा एजन्सीनं करून धाडलेला.
मुखपृष्ठावर वाघ.
भीमगडचा नव्हे, ह्या वाघामागं बर्फ आहे.

इनास सिद्दी उठला. हातात परिनियमांचं पुस्तक,
पानापानांत तिकिटांच्या खुणा.
शिकवायचं आम्ही, आणि काय शिकवायचं
ते कुरिअरनं येणार?
कुलसचिव इटगीसर आधी कन्नडात हसले,
मग मराठीत म्हणाले, मान्यता द्यायचीय फक्त,
चर्चा अजेंड्यावर नाही.
मग दोन तास कलमं, पोटकलमं,
'विचारविनिमय' आणि 'सल्लामसलत' यांत फरक काय यावर
एक आख्खा चहा थंड झाला.
शेवटी ठराव झाला:
अभ्यासक्रम प्राध्यापकच तपासतील. ओळ न् ओळ.
आम्ही बाकं वाजवली.
कुणीतरी पिशवीतनं कुंद्याचा डबा काढला.

मग बसलो तपासायला, ओळ न् ओळ.
एक वेलांटी चुकलेली सापडली.
तासिकांची बेरीज दोनानं जास्त.
सतराव्या पानावर, घटक दोन:
'गवळी लोक डोंगरात राहत असत. ते म्हशी पाळत असत.'
शेजारच्या कन्नड प्रतीत 'वासिसुत्तिद्दरु'.
ह्या सीमेवर कशावरच एकमत होत नाही,
पण एवढ्या एका काळावर दोन्ही भाषांचं झालं होतं.
आम्ही पान उलटलं.

दाराजवळच्या खुर्चीत सगूबाई वरक.
जांबोटीच्या वरच्या अंगाहून आलेल्या.
विशेष निमंत्रित, मताचा अधिकार नाही,
प्रवासभत्ता एकशेवीस.
म्हणाल्या, मागलं पान परत वाच की बाई.
मी वाचलं.
'असत' म्हंजे गं काय?
म्हणजे पूर्वी, मावशी.
व्हय? मग आज पाट्टं धार काढून आली
ती कोण म्हणायची?

कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
पंखा तेवढा फिरत राहिला, एक पातं वाकडं असलेला.
इनास आपलीच प्रत चाळत होता, मान खाली.
तेविसाव्या पानावर त्याचीही माणसं
'असत'मध्येच होती.
त्यानं सकाळी वाचलं होतं ते पान.
समासात बारीक बरोबरची खूण होती,
त्याच्याच पेन्सिलीची.

इटगीसर म्हणाले, क्रियापदाचा काळ
मंडळाच्या कार्यकक्षेत येतो का, तपासावं लागेल.
खरंच तपासावं लागेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.
वाईट माणूस नाही तो.

सगूबाईंना चारची गाडी गाठायची होती.
पावतीवर त्यांनी सही केली, अंगठा नाही.
मी शाईचा पॅड आधीच पुढं सरकवलेला.
तो उचलून बाजूला ठेवला त्यांनी, हलक्या हातानं,
वाटेतलं वासरू सरकवावं तसा.
पुढल्या बारीला म्हशी टाकून जमायचं न्हाई,
तुमीच या की वर, म्हणाल्या.

रात्री इतिवृत्त लिहायला बसले.
निमंत्रितांचं बोलणं नोंदवायला रकाना नाही.
शेवटी घातलं ते
'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेले विषय' ह्याखाली,
वसतिगृहाच्या टाकीची गळती आणि
झेरॉक्सच्या थकीत बिलाच्या मधे.
लिहिलं: 'श्रीमती वरक यांनी विचारले.'
आणि पेन तिथंच थांबलं.
इतिवृत्त भूतकाळातच लिहितात, पद्धतच आहे,
पंधरा वर्षं मी तसंच लिहीत आलेय.

खोडलं.
'विचारतात' केलं.

सोमवारी फाइल परत आली.
'विचारतात'भोवती तांबड्या शाईचा एक गोल.
खाली सही.
गोल चुकीचा आहे की बरोबरचा
ते इटगीसरांनी लिहिलेलं नाही,
आणि मी अजून विचारलेलं नाही.